एकसष्टाव्या खणातलं पत्र

३ फेब्रुवारी, सोमवार

आले एकदाची! दोन बॅगा, एक वळकटी आणि माझी हत्यारांची पेटी घेऊन जिना चढत होते, तर घरमालकीणबाईंनी खालून विचारलं, पेटीत सोनं आहे की विटा? म्हटलं, पाने, पकडी आणि तेलाची बाटली. मग बरंच झालं म्हणाल्या, माझं शिलाई मशीन अधूनमधून रुसतं. पाच मिनिटांत आमची गट्टी जमली.

खोली वरची. लहानशी, पण दोन खिडक्या. एकीतून कालवा दिसतो, दुसरीतून खालचं दार आणि रस्ता. बाई खाली एकट्याच राहतात आणि कपडे शिवतात. सगळे त्यांना शिंपीणकाकू म्हणतात, मीही तेच म्हणणार. पन्नाशी उलटलेली, ओठांत कायम दोन टाचण्या आणि त्या टाचण्यांसकट अखंड बडबड. कधीतरी गिळून बसतील अशी मला धास्ती.

खालच्या दाराला दोन कड्या आणि शिवाय आडवा अडसर. मी बघतच राहिले. काकू म्हणाल्या, आमच्या दादाची हौस. त्यांचे थोरले भाऊ रोज पाचला येतात, दार बाहेरून ओढून बघतात, आतून कडी आहे याची खात्री करतात आणि मगच हाक मारतात. गंमत म्हणजे हे दादा माझ्याच टपाल केंद्रातले तंत्रज्ञ. गेल्या महिन्यात निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी मी आले. योगायोग म्हणतात तो हा.

धाकटीला फोन करून सगळं सांगितलं. आई-बाबांच्या मागे आम्ही दोघीच एकमेकींना. ती तिकडे इस्पितळात नर्स, मी इकडे यंत्रांची नर्स. यंत्राची नोंदवही मी आठ वर्षं न चुकता लिहिते आहे. म्हटलं, नव्या गावात स्वतःचीही लिहून बघू.

४ फेब्रुवारी, मंगळवार

यंत्र झकास आहे! रेल्वेच्या डब्याएवढं लांब आणि आवाज तसा बेताचा. पत्रं काठावर उभी राहून पट्ट्यावरून पळतात, तासाला तीस हजार. कॅमेरा प्रत्येकाचा फोटो घेतो, संगणक पत्ता वाचतो. अक्षर लागलं नाही तर तो फोटो बाजूच्या पडद्यावर येतो आणि माणसाने वाचून कोड टाकायचा. मग शाईची बारीक फवारणी पाकिटाच्या उजव्या कोपऱ्यात खाली रेघा ओढते. बारकोड. गाव, रस्ता, घर, सगळं त्या बोटभर जागेत. त्यातच त्या पत्राचा स्वतःचा क्रमांकही असतो.

इथे एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. पत्ता फक्त एकदाच वाचला जातो. त्यानंतर वाटेतलं कुठलंच यंत्र पत्त्याकडे ढुंकून बघत नाही, सगळा कारभार रेघांवर. रेघा चुकल्या तर पत्ता मोत्यांसारख्या अक्षरात असला तरी पत्र चुकीच्याच खणात पडणार, आणि परत टाकलं तर परत तिथेच. अशा वेळी रेघांवर पांढरी पट्टी चिकटवून नव्या रेघा छापायच्या.

केंद्राचे साहेब प्रत्येक वाक्य 'मंडळी' म्हणून सुरू करतात, समोर एकच माणूस असला तरी. हाताने वर्गवारी करायच्या टेबलावर एक वयस्क गृहस्थ बसतात. भिंगासारखा चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, म्हणून ते चष्मेवाले. उलटं धरलेलं पाकीटही वाचतात. माझ्या आधीच्या तंत्रज्ञांना, म्हणजे काकूंच्या दादांना, इथे पट्टीकाका म्हणत. खिशात कायम पांढऱ्या पट्टीचं रीळ.

६ फेब्रुवारी, गुरुवार

गणवेशाच्या बाह्या हातभर लांब निघाल्या. काकूंनी संध्याकाळी मापं घेतली आणि बोलता बोलता नवऱ्याचा विषय निघाला.

अकरा वर्षांपूर्वी दुपारी चार वाजता ते घरातून गेले. काकू मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होत्या. आत आल्या तर दार सताड उघडं, चहाचा कप अर्धा, माणूस नाही. गाव म्हणतं, कुणाचा तरी हात धरून पळाला. काकूंनी तोंडातल्या टाचण्या काढून हातात घेतल्या आणि मला म्हणाल्या, अहो, पळून जाणारा माणूस चपला तरी घालेल ना? चपला अजून तिथेच आहेत, दाराशी. मी पाहिल्या. रोज पुसलेल्या.

आजही टपालाच्या वेळेला काकू दारात उभ्या राहतात. एक ओळ लिहायला काय झालं होतं, एवढंच म्हणतात. दादाकडे विषय काढला की तो उठून जातो.

वर आले तरी बराच वेळ तेच डोक्यात. बाबांनी इस्पितळातून लिहिलेलं पत्र आम्हाला एकोणीस दिवस उशिरा मिळालं होतं. या म्हणून लिहिलं होतं. पत्र मिळालं तेव्हा बाबा नव्हते. मी या धंद्यात आले ती त्या पत्रामुळेच.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

एक विचित्र प्रकार.

यंत्र प्रत्येक पत्राची नोंद ठेवतं, कधी गेलं, कुठल्या खणात पडलं. साधारण पत्र दोनदा जातं, फार तर तीनदा. कॅमेऱ्याची चूक शोधायला मी सगळ्यांत जास्त फेऱ्या झालेली पत्रं काढली. पहिल्याच ओळीत ४०१६.

आधी वाटलं, आकड्यांचा घोळ. पण नाही. एकच पत्र, रोज एक फेरी, सकाळी सव्वादहाच्या सुमारास, अकरा वर्षं. रविवारीसुद्धा. रविवारी केंद्र बंद असतं. रविवारी यंत्रातून फक्त हे एक पत्र जातं.

दर वेळी ते ६१ नंबरच्या, म्हणजे शेवटच्या खणात पडतं. ज्यांच्या रेघा कुठल्याच ठिकाणाशी जुळत नाहीत ती पत्रं तिथे येतात आणि दुसऱ्या दिवशी परत पट्ट्यावर ठेवली जातात. म्हणजे कुणीतरी या पत्राला मुद्दाम नसलेल्या ठिकाणाच्या रेघा दिल्या आहेत. पोचूच नये म्हणून.

चष्मेवाल्यांना विचारलं. चष्मा पुसत राहिले.

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळी दहाला केंद्रावर गेले. कुलूप उघडं. आत दिवे न लावता, खिडकीच्या उजेडात यंत्र चालू होतं, आणि एवढ्या मोठ्या पट्ट्यावर एकच पाकीट पळत होतं. चष्मेवाले एकसष्टाव्या खणापाशी हात पुढे करून उभे. मला पाहून चोरी पकडल्यासारखे झाले.

मी ते पाकीट हातात घेतलं. कडा झिजलेल्या, चिकटपट्टीने सांधलेल्या. कोपऱ्यात पट्टीवर पट्टी, एवढे थर की नखाने मोजता येतील. आणि पत्ता अगदी स्वच्छ. कालवा रस्ता, घर १७. आमचंच घर! नाव काकूंचं.

चष्मेवाले म्हणाले, पट्टीकाकांनी जाताना हात धरून शब्द घेतला की हे पत्र एक दिवसही थांबू द्यायचं नाही. कारण सांगितलं नाही. चष्मेवाल्यांचा स्वतःचा अंदाज असा की पळून गेलेल्या मेहुण्याचं पत्र असणार, आणि बहिणीचा जीव परत टांगणीला लागू नये म्हणून भावाने अडवलंय. घरचा मामला आहे, तुम्ही हात घालू नका, असं दोनदा म्हणाले.

अकरा वर्षं ती बाई दारात उभी राहते आहे आणि तिचं पत्र तिच्या सख्ख्या भावाने इथे फिरवत ठेवलंय!

१० फेब्रुवारी, सोमवार

काढल्या पट्ट्या. वाफ देऊन, एकेक करत. छत्तीस होत्या. खाली मूळ रेघा अजून शाबूत. पत्र पट्ट्यावर ठेवलं आणि ते सरळ कालवा रस्त्याच्या खणात जाऊन पडलं, जसं काही अकरा वर्षं वाटच बघत होतं.

चष्मेवाले माझ्याकडे पाठ करून बसले. बसू देत. आज मी खऱ्या अर्थाने काम केलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज लवकर सुटले. घरी पोचते तोच काकू पत्र घेऊन धावतच वर आल्या. रडत होत्या आणि हसतही होत्या. मला वाचून दाखवलं. एकच ओळ. मी निघालो आहे, दार उघडं ठेव. अक्षर त्यांचंच, काकू म्हणाल्या, काना असा वाकडा दुसरं कुणी काढतच नाही.

मी त्या कागदाला हात लावला. कोमट होता. काकूंच्या हातातला असेल.

त्यांनी अडसर काढून मागच्या अंगणात टाकला. कपाटातून नवऱ्याचा सदरा काढला, तो आता ढगळ होईल म्हणून बाह्या आत घ्यायला बसल्या. दादाला सांगू नका म्हणाल्या, उगाच चिडेल. पाच वाजता दादा आले तेव्हा काकूंनी कडी लावून घेतली आणि ते गेल्यावर परत काढली. आम्ही दोघी शाळेतल्या पोरींसारख्या हसलो.

मी माझं काम सांगितलं नाही. सांगायची गरजही वाटली नाही. छान झोप लागणार आज.

१२ फेब्रुवारी, बुधवार

काकू घरात नाहीत.

मी साडेपाचला आले. दार सताड उघडं. पायरीवर दादा बसलेले. शिलाई मशीनच्या सुईखाली सदऱ्याची बाही, अर्धी शिवलेली, सुई कापडात रुतलेली, दोरा तुटलेला नाही. नवऱ्याच्या चपला दाराशी. शेजारी काकूंच्या चपला. उंबऱ्यावर दोन टाचण्या पडल्या होत्या, जवळजवळ, तोंडातून गळून पडाव्यात तशा.

समोरचा दुकानदार म्हणाला, चारला काकूंना दारात पाहिलं. कुणाला तरी 'या' म्हणत होत्या. रस्त्यावर कुणीच नव्हतं.

दादांनी मला एकच विचारलं, पट्टी तुम्ही काढलीत का?

मी हो म्हटलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

पोलीस येऊन गेले. कालव्यात गळ टाकून पाहिला. काही नाही.

दादांनी मला खाली बसवून सांगितलं. जसं सांगितलं तसं लिहिते.

अकरा वर्षांपूर्वी, काकूंच्या यजमानांच्या आधी आठवडाभर, त्यांचे वडील असेच गेले. उघडं दार, चपला जागेवर. चौथ्या दिवशी दादांना पट्ट्यावर वडिलांच्या अक्षरातलं पत्र दिसलं. जावयाच्या नावे. वडिलांचा जावयावर फार जीव होता. दादांना वाटलं, वडिलांचा ठावठिकाणा लागला. आनंदाने स्वतःच्या हाताने त्या खणात टाकलं. मी टाकलं तसं. तिसऱ्या दिवशी काकूंचे यजमान गेले. आणि त्यानंतर यजमानांच्या अक्षरातलं पत्र आलं, काकूंना.

तेव्हा त्यांना कळलं. जो जातो, तो ज्याला मनात धरून असतो, त्याला पत्र जातं.

मी विचारलं, जाळून का नाही टाकलं? म्हणाले, जाळलं. फाडलं. पाण्यात टाकलं. दुसऱ्या सकाळी ते पट्ट्यावर असायचंच. एकदा दिवसाची फेरी चुकली, ते खणात नुसतं पडून राहिलं, तर संध्याकाळी काकूंच्या पायरीवर होतं, नशिबाने दादा आधी पोचले. मग त्यांच्या ध्यानात आलं की ते थांबता कामा नये. फिरत असलं तर ते नुसतं टपाल. थांबलं की पोचतं. म्हणून ती पट्टी, तो नसलेला पत्ता, रविवारच्या फेऱ्या. मुलीसारखी सांभाळलेली बहीण अकरा वर्षं वाचवली त्यांनी. आणि मी सहा दिवसांत—

मी पाया पडले. ते म्हणाले, तुम्हाला कुठे ठाऊक होतं.

एवढंच म्हणाले. माफ केलं असं नाही म्हणाले.

१५ फेब्रुवारी, शनिवार

दोन दिवस पडद्यासमोरून हलले नाही. डोळ्यांत तेल घालून एकेक फोटो बघत होते. साहेब म्हणाले, मंडळी, किती ती निष्ठा!

अकरा वाजून दहा मिनिटांनी आलं. संगणकाला अक्षर लागलं नाही म्हणून फोटो पडद्यावर आला. मला लागलं. मापांच्या चिठ्ठ्यांवरचं काकूंचं तिरकं अक्षर, खडूने लिहिल्यासारखं तुटक. दादांच्या नावे.

पडद्यावर रेघ लुकलुकत होती, कोड टाका म्हणून. मी नसलेल्या ठिकाणाचा कोड टाकला. पत्र एकसष्टमध्ये पडलं. परत ठेवलं. परत एकसष्ट.

माझ्या जीवात जीव आला. हे मी जन्मभर करेन. रविवारीसुद्धा.

१७ फेब्रुवारी, सोमवार

दादा केंद्रावर आले. चष्मेवाल्यांनी सांगितलं असणार. म्हणाले, फक्त अक्षर बघू द्या तिचं.

मी लांबूनच दाखवलं. त्यांनी हात पुढे केला. मी नाही म्हटलं. त्यावर ते शांतपणे म्हणाले, बाई, मी थकलो. तिला अकरा वर्षं अडवून धरलं, आता ती मला बोलावते आहे. तिलाही परत अडवू? माझ्यामागे कुणी नाही. बायको नाही, मूल नाही, मनात धरावं असं माणूस नाही. माझ्यापाशी येऊन हे संपेल. द्या.

साहेब लांबून बघत होते. चष्मेवाले रडत होते.

दिलं.

मला वाटलं, संपेल. खरंच वाटलं. आणि खोटं का लिहू, मला सुटल्यासारखंही वाटलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

पट्टीकाका गेले. दार उघडं. चपला जागेवर. चहाचे दोन कप मांडलेले.

२० फेब्रुवारी, गुरुवार

काल काही आलं नाही. आज सकाळीही नाही. मी धाकटीला फोन करून हसले सुद्धा.

दुपारी साडेतीनला पडद्यावर फोटो.

चौकोनी, रेखीव अक्षर. यंत्राच्या जुन्या नोंदवह्या याच अक्षरात आहेत. अकरा वर्षांच्या. कालवा रस्ता, घर १७, वरची खोली.

माझं नाव.

म्हणाले होते, मनात कुणी नाही. शेवटी मी होते. रागानेही माणूस माणसाला मनात धरूनच असतो. की रागाने नव्हे? की मी पाया पडले म्हणून? ते मला कळायला हवं होतं. आता कोण सांगणार.

एकसष्टचा कोड टाकला. फिरतंय.

चष्मेवाल्यांनी शब्द दिला, मी आजारी पडले तर ते फिरवतील.

एक विचार दुपारपासून आत येऊ देत नाहीये. माझ्या मनात कोण आहे? एकच आहे.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

साहेबांनी यंत्र बंद केलं. मोठा पट्टा बदलायचा, तीन दिवस, वरून हुकूम आहे. मी हात जोडले, एक फेरी रोज, फक्त एक. ते म्हणाले, मंडळी, पट्टाच नाही तर फेरी कशी मारणार? मला रजा घ्यायला सांगितली. डोळे फार ओढलेले दिसतात म्हणे.

चष्मेवाल्यांनी पत्र खिशात घालून गाडीने दुसऱ्या केंद्रावर नेलं. तिथलं यंत्र चालू आहे. स्वतः पट्ट्यावर ठेवलं. तिथे गेल्यावर फोन केला.

एकसष्टमध्ये पडलं नाही, म्हणाले. कुठल्याच खणात पडलं नाही.

संध्याकाळी घरी आले. काकूंच्या शिलाई मशीनवर, सुईखाली, बाहीच्या जागी—

उघडलं नाही मी.

२२ फेब्रुवारी, शनिवार

दोन्ही कड्या लावल्या. अडसर अंगणातून आणून घातला. दुपारी पाहिलं तर निघालेला. मीच काढला असेल? हाताला गंज लागलाय.

बस स्टँडवर गेले. बॅग उघडली तर कपड्यांच्या वर पाकीट. परत आले. बसमध्ये बसून ते धाकटीच्या गावाला न्यायचं? नाही.

धाकटीला फोन केला आणि भांडले. मुद्दाम. बाबांच्या आजारपणात तू नुसती झोपा काढत होतीस म्हणाले. कधीच मनात नव्हतं ते बोलले. तू माझी कुणी नाहीस म्हटलं. वाटलं, ती तुटेल, मीही तुटेन, मनातून निघून जाईल.

ती रडली. मग म्हणाली, ताई, तुला बरं नाहीये, मी उद्या येते.

नको नको नको म्हटलं. फोन बंद लागतोय आता.

पाकीट उघडलेलं आहे. मी नाही उघडलं. कागद बाहेर, घडी मोडलेली. वाचला नाही. एकच ओळ आहे एवढं दिसलं. एकच ओळ असते.

२३ फेब्रुवारी

साडेतीन. ऊन स्वच्छ आहे. रस्त्यावर कुणी नाही. खालचं दार उघडं दिसतंय खिडकीतून. मी आत्ता लावून आले होते.

धाकटे, ही वही तुला मिळेल म्हणून लिहिते. नीट वाच. चार दिवसांत पत्र येईल. अक्षर माझं असेल. थांबू देऊ नकोस, परत टपालात टाक, खोटा पत्ता घाल, परत टाक, फिरत ठेव. चष्मेवाल्यांना शोध, ते सांगतील कसं—

तुझी आठवण काढत नाहीये मी. बघ, नाही काढत. यंत्र आठवते. पट्टा, कप्पी, कॅमेरा, शाईची नळी. पट्टा, कप्पी, तुझी वेणी घालायचे मी, पट्टा, कप्पी—

जिन्यावर कुणीतरी. काकूंचा आवाज आहे. टाचण्या तोंडात असल्यासारखा. आणि मागे आणखी—

बाबा?

नाही, बाबा यात नव्हते, बाबा कसे

धाकटे, ऐक. कुणी हाक मारली तरी, माझ्या आवाजात मारली तरी कडी काढू नकोस. मी कितीही म्हटलं तरी. घट्ट लावून बस. मी सांगते म्हणून बस. मी निघाले आहे, दार उघडं ठेव, धाकटे, मी